केसभर मागे

संस्थेत तिला पगारपत्रकावरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला पापुद्रेबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. नाव काही खोटं नव्हतं. बावीस वर्षं ती पापुद्रेच काढत आली होती.

काम सांगायला गेलं की लोक हसत. करंगळीच्या नखाएवढा एक काळा चकचकीत स्फटिक असतो. अभ्रकासारखा थराथरांचा, पण यातला एकेक थर फक्त अणूएवढा जाड. तो चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. दर वेळी थर फाटून वेगळे होतात, कांद्याचे सुटतात तसे. शेवटी ती पट्टी सिलिकॉनच्या छोट्या चकतीवर चिकटवायची, अंगठ्यानं घोटायची आणि इतकी सावकाश सोलायची की बघणाऱ्याला जांभई यावी. मागे हजारो कण उरतात. बहुतेक सगळे जाडजूड, टाकून देण्याच्या लायकीचे. नशीब असेल तर त्यात एखादा एकपदरी निघतो. त्याहून पातळ त्या स्फटिकातून काही निघूच शकत नाही, आणि शास्त्रज्ञांचा सगळा जीव त्या एकपदरीत अडकलेला असतो.

तो दिसणं हीच खरी मेख होती. चकतीचा रंग जांभळा, आणि एकपदरी पापुद्रा म्हणजे त्या जांभळ्यावर पडलेली जांभळ्याचीच पुसट सावली. मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेली मंडळी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तासभर बसत, डोळे चोळत उठत आणि रिकामी आहे म्हणून चकती टोपलीत टाकत. बाई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सांगायची, डावीकडे वर, त्या मोठ्या कणाच्या शेपटीशी बघा.

तिला घेतलं होतं ते काचसामान धुवायला. खोली तळघरात, कारण वरच्या मजल्यावर माणसं चालली तरी यंत्रं थरथरतात. खिडकी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत माणसं खिडकीतून बाहेर बघतात, ही सूक्ष्मदर्शकातून आत बघत बसायची. तेही टोपलीतल्या चकत्या. चांगल्यांना हात लावायची मुभा नव्हती. एका आठवड्यात अकरा 'रिकाम्या' चकत्यांवर तिला सावली सापडली. त्या तिनं जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओळीनं मांडल्या आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे, सरांपुढे, नेऊन ठेवल्या. सर तेव्हा नवे होते, केस काळे होते आणि ऐकून घ्यायची सवय शाबूत होती. त्यांनी अकराही तपासल्या. दुसऱ्या दिवसापासून काच धुवायला दुसरं माणूस आलं.

स्थिर हात तिला बापाकडून आला होता. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. जन्मभर परक्यांची नावं हातभर अक्षरांत लिहिली, पण प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, स्वतःचं नाव टाकल्याशिवाय तो शिडीवरून उतरला नाही. एका दुकानदारानं त्यावरून कुरकुर केली तेव्हा खाली शिडी धरून ती उभी होती. "पाटी तुमची, कोपरा माझा," एवढंच म्हणून बाप ब्रश धुवायला बसला. पुढे बाप गेला, दुकानं बदलली, पाट्या उतरल्या. ते वाक्य मात्र तिच्या डोक्यातून उतरलं नाही.

कोपरा तिला मिळाला नव्हता. तिच्या पापुद्र्यांवर चाळीसेक पेपर छापून आले. त्यांत शोध लावणाऱ्यांची नावं असत, यंत्र उसनं देणाऱ्यांची असत, कधी कधी नुसतं खोलीत डोकावून गेलेल्यांचीही असत. ती मूग गिळून बसायची. घरी नवरा विचारायचा, "काय, आज किती कांदे सोललेस?" तो वीजमीटर वाचायच्या नोकरीत होता आणि स्वतःच्या कामाचीही अशीच थट्टा करायचा. "सोळा सोलले, एक लागला," ती सांगायची, आणि दोघं जेवायला बसायची. तसं सुखाचंच चाललं होतं, असं बाहेरून कुणीही म्हटलं असतं.

मग बांबू आला. उंच, वाकून दारातून शिरणारा, पीएचडी झालेला, आणि घाई त्याच्या अंगात मुरलेली. त्याची कल्पना चांगली होती, हे बाईही कबूल करायची: दोन एकपदरी पापुद्रे एकमेकांवर ठेवायचे, पण तंतोतंत नाही, वरचा जरासा फिरवून. तसं केलं तर वीज त्यातून अशा तऱ्हेनं वाहील की सगळ्यांनी बघत राहावं. अडचण एकच. दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेचे आणि मळाचे बुडबुडे अडकतात, आणि एक बुडबुडा राहिला तरी सगळं मुसळ केरात. बांबूनं काचपट्टीवरच्या पारदर्शक रबरी गादीला चिकटवलेला वरचा पापुद्रा खालच्यावर दाबला, एकशे दहा अंशांवर दहा मिनिटं तापवला, आणि एकोणीस वेळा बुडबुडे मोजले.

विसाव्या वेळी तो वैतागून चहाला गेला आणि काचपट्टी बाईच्या हाती राहिली. गादी खाली येते तेव्हा ती टेकल्याची एक रेघ चकतीवरून पुढे सरकताना दिसते. बाईनं ती अर्ध्यावर येऊ दिली, मग मळसूत्र उलटं फिरवून केसभर मागे घेतली, तापमान उतरू दिलं, आणि पुन्हा पुढे सोडली. पुन्हा केसभर मागे. भिंतीला कागद चिकटवणारा माणूस हात पुढे नेतो, जरा मागे आणतो, मग पुन्हा पुढे नेतो, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. बुडबुडे कडेला ढकलले गेले आणि बाहेर पडले. बांबू परत आला तेव्हा मधला सगळा भाग आरशासारखा स्वच्छ होता. पुढच्या दोन महिन्यांत तिनं तशा चार जोड्या केल्या, आणि चारही चालल्या. सगळं गोठवून वीज मोजणाऱ्या थंड यंत्रात घालून मोजल्यावर आकडे असे आले की सर तळघरात आले आणि सर्वांसमोर म्हणाले, बाईंच्या हातात जादू आहे.

जादू म्हटली की तिचं काही देणं लागत नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही.

पेपर लिहायला घेतला तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर सरांच्या खोलीत गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काही मागायला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. "सर, या वेळी माझं नाव घाला."

सर म्हणाले, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. ती म्हणाली, म्हणून तर म्हणते. सर हसले, म्हणाले घालू, शेवटी कुठे तरी नक्की घालू. ती लिफ्ट सोडून जिन्यानं खाली आली, कारण लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर तोंडावरचा आनंद लपवता आला नसता. संध्याकाळी नवऱ्याला तिनं सांगितलं की कोपरा मिळणार. नवऱ्यानं त्या दिवशी थट्टा केली नाही.

पेपर सात महिन्यांनी आला. तिनं छापील प्रत घरी नेली आणि नवऱ्यानं मीटर वाचायच्या शिस्तीत, बोट ठेवून, एकेक ओळ तपासली. वर नऊ नावं होती. सर, बांबू, थंड यंत्रवाले, ज्यांनी आकडेमोड केली ते, आणि एक संचालक, ज्यांना तळघराचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हेही ठाऊक नसेल. "इथे नाही," नवरा म्हणाला. मग पानं उलटत शेवटी आला. तिथे तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार मानले होते. कुठले कर्मचारी, ते लिहिलेलं नव्हतं. मध्ये कृती दिली होती: एकशे दहा अंश, दहा मिनिटं. केसभर मागे घेण्याबद्दल चकार शब्द नाही. बांबूनं पहिल्या आठवड्यात जे मनात धरलं होतं तेच त्यानं लिहून टाकलं होतं. जे प्रत्यक्ष झालं ते लिहायला बाईला विचारावं लागलं असतं.

"कांदे तू सोललेस," नवरा पेपर मिटत म्हणाला, "आणि डोळे पुसायला यांनी फडकंसुद्धा दिलं नाही." एरवी ती हसली असती.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेली. सर घाईत होते. अभिनंदनाचे फोन येत होते. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि बसायला सांगितलं तेव्हाच तिला उत्तर कळलं. "बाई, कल्पना ज्याची, त्याचं नाव येतं," सर अगदी मायेनं म्हणाले. "हातांचे आपण आभार मानतो. आणि कृती तर आता पेपरात लिहिलेली आहे, आता ती कुणालाही करता येईल."

"बरं सर," ती म्हणाली. "मग लिहिलंय तशीच करते."

सरांना त्यात काही ऐकू आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. पण तिनं जे म्हटलं ते अक्षरशः खरं केलं. त्या दिवसापासून तिनं जोडी करायला घेतली की पेपरातलं पान समोर उघडं ठेवायची. गादी खाली, दाब, एकशे दहा अंश, दहा मिनिटं. घड्याळ लावून. बुडबुडे यायचे, तिच्या हाताखाली बारीक, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना न दिसणारे, पण भरघोस यायचे, आणि ती ते बघत बसायची. तिला नक्की काय हवं होतं हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. सरांनी जिना उतरून खाली यावं, तिच्या टेबलापाशी उभं राहावं आणि विचारावं, बाई, काय चुकतंय? मग ती सांगणार होती. पण आधी ते विचारणार होते.

तिचा हिशेब एका ठिकाणी चुकला. ज्यांच्यावर नेम धरला होता ते तिथे उरलेच नव्हते. बांबूला त्या पेपरावर परदेशी नोकरी मिळाली आणि तो वाकून दारातून निघून गेला. सरांचं लक्ष दुसऱ्या स्फटिकाकडे वळलं, आणि दौऱ्यांकडे. दुसऱ्या संस्थांमधून पत्रं येत की तुमची कृती आमच्याकडे जमत नाही. सरांना त्याचा खेद होण्याऐवजी ती फक्त आपल्यालाच जमली याचं कौतुकच वाटायचं. पापुद्र्यांच्या जोड्यांचं काम आता एकाच माणसावर येऊन पडलं होतं, आणि ती होती वहीवाली.

वहीवाली म्हणजे पीएचडी करायला आलेली एक मुलगी. बोलायची कमी, लिहायची फार. कुणी शिंकलं तरी वेळ टिपून ठेवील, असं सगळे म्हणत. बाकीचे 'बाई' म्हणत, ही 'मावशी' म्हणायची. आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो? कसला तरी फॉर्म असेल असं समजून बाईनं जरा त्रासूनच सांगितलं, आणि मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. पेपर छापून यायच्या आधीचे ते दिवस होते. बाई तेव्हा अजून केसभर मागे घ्यायची.

थंड यंत्र सगळ्या संस्थेत एकच. वहीवालीला त्यावर महिन्याला एक पाळी मिळायची. जोडी बाईनं करायची, तारा मुलीनं जोडायच्या, यंत्रात घालायची, दहा दिवस मोजायचं. पहिली पाळी वाया गेली. दुसरी गेली. मुलगी आपल्या तारा तपासू लागली, हातमोजे बदलू लागली, श्वास रोखून काम करू लागली. तिसऱ्या वेळी ती बाईच्या मागे उभी राहून बघत होती. "मावशी, आधी तुम्ही मध्येच थोडं मागे घ्यायचा ना?" तिनं हळूच विचारलं.

"पेपरात आहे तसं करते," बाई मागे न बघता म्हणाली.

मुलीनं समोर उघडं ठेवलेलं पान पुन्हा एकदा वाचलं. अशा जागी वाढलेल्या माणसांचीच ही चूक: डोळ्यांनी बघितलेलं एकीकडे आणि छापलेलं एकीकडे असलं, तर ती छापलेल्यावर विश्वास ठेवतात. तिनं स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतली. वहीत काय लिहिलं कोण जाणे. बाईला त्या दिवशी कसंसंच झालं, पण पुढच्या महिन्यात तरी सर खाली येतील, असं तिनं मनाला समजावलं. चौथी पाळी गेली. पाचवी गेली. मुलीच्या डोळ्यांखाली काळं आलं. डबा तसाच्या तसा परत जायचा. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, आणि बाईला ते दिसत होतं. जी जांभळ्यावरची जांभळी सावली ओळखते तिला एवढं दिसणार नाही असं कसं होईल?

सहाव्या पाळीनंतर सर खरोखरच खाली आले. दारात त्यांना बघून बाईनं हातातली पट्टी खाली ठेवली. ती उठून उभी राहिली. सर तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले, म्हणाले, बाई, तो डबा जरा बाजूला घेता? तिनं चकत्यांचा डबा बाजूला घेतला. सर त्या जागेवर टेकले आणि मुलीकडे वळले.

"जोड्या तर त्याच हाताच्या, त्याच कृतीच्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे दोष तुझ्या हातात आहे. तुझा हात अजून बसत नाही. एक पाळी आणखी बघू, नाहीतर विषय बंद करू."

मुलगी मान खाली घालून हो म्हणाली. बाईच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. एक वाक्य, तेवढंच पुरलं असतं. पण तो बाजूला घेतलेला डबा तिच्या हातात होता, इतक्या वर्षांत त्यांना तिच्याकडून तेवढंच हवं होतं, आणि त्या संतापात ते वाक्य तिनं गिळलं. सातवी जोडीही पेपरात लिहिलंय तशीच झाली.

मुलगी गेली. रडली नाही, भांडली नाही. सरांनी दिलेली एका पाळीची मुदत संपली होती, सामान बांधलं, बाईच्या पाया पडून निघाली. तेव्हासुद्धा बाई बोलली नाही. सरांनी विषय बंद केला आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या फायलीतलं एक पान कमी झालं, बस. कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशा.

मुलीचा खण रिकामा करायचं काम बाईकडेच आलं. त्यात तारांचे तुकडे होते, अर्धी झिजलेली पेन्सिल होती आणि तळाशी एक फाइल. आत तिच्या पहिल्या पेपराचा मसुदा होता, नुसतं पहिलं पान लिहिलेला. बाकीचं आकडे आल्यावर लिहायचं म्हणून कोरं. वर तारीख होती, ती आल्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. खाली तीन नावं. आधी मुलीचं. शेवटी सरांचं. आणि मध्ये पगारपत्रकावरचं, पूर्ण, एकही अक्षर न गाळता, बाईचं.

ती स्टुलावर बसून राहिली. पेपरावर आपलं नाव कसं दिसतं ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बापाचं नाव पाटीवर दिसायचं तसंच होतं, सरळ, एका रेषेत. मग तिनं कप्प्यातून दोन चकत्या काढल्या आणि एक जोडी केली. रेघ अर्ध्यावर आली, केसभर मागे, थंड, पुन्हा पुढे. मधला भाग आरशासारखा निघाला. हात अजून चांगलाच होता. ती चकती घेऊन ती वर गेली आणि सरांनी विचारायची वाट न बघता सगळं सांगून टाकलं, मागे घेण्याचं, दहा मिनिटांचं, सात जोड्यांचं. सरांनी वाजणारा फोन पालथा ठेवला. मग म्हणाले की पेपरात दुरुस्ती छापायची म्हटलं तर उगाच प्रश्न उठतील, आणि तसाही तो विषय आता जुना झाला. चकती ठेवून जा, म्हणाले. तिनं ठेवली नाही.

मुलीचा नंबर मिळवायला चार दिवस गेले. ती तिच्या गावी एका शाळेत तासावर शिकवत होती. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. पलीकडून मावशी म्हणून हाक आली. मग बाईनं जसं घडलं तसं सांगितलं, काही न सजवता. माफी मागायची ठरवली होती, ती मध्येच कुठे तरी राहून गेली.

पलीकडे मुलीनं पोरांना वर्गात पिटाळलं.

"म्हणजे माझा हात वाईट नव्हता?" मुलीनं विचारलं.

"नव्हता गं."

"मी शाळेतसुद्धा प्रयोगाला हात लावत नाही, मावशी. पोरांकडूनच करवून घेते." आवाजात राग नव्हता, असता तर बाईला बरं वाटलं असतं. "तेवढं एक तेव्हा सांगायचं होतं."

बाईनं विचारलं की तो मसुदा पाठवू का, आता जोडी तयार आहे, कुठे दुसरीकडे मोजता येईल. मुलगी म्हणाली, राहू दे. तास सुरू होतोय. आणि मग, ठेवता ठेवता, म्हणाली की नाव चुकीचं तर लिहिलं नव्हतं ना मी, तुम्ही त्या दिवशी घाईत सांगितलं होतंत.

बरोबर आहे, बाई म्हणाली. फोन ठेवला गेला तरी ती तो कानाशी धरून तळघरात उभी होती, आणि समोरच्या टेबलावर, जिथे सर टेकले होते, तिथे ती चकती पडून होती.